लेन्सचे सोवळे

मी नमस्कारासाठी जोडलेले हात त्यांनी उलगडले, उलटे केले, नखे पाहिली आणि मग सरळ नाकाशी नेऊन त्यांचा वास घेतला. पाठशाळेत दोन पिढ्यांना संस्कृत शिकवून निवृत्तीला टेकलेल्या माणसाच्या हातांचा असा वास त्यापूर्वी कोणी घेतला नव्हता.

"कापूर," त्या म्हणाल्या. "आणि तूप. तिकडे बेसिन आहे. साबण लावून या, मग बोलू."

कर्वेनगरात औषधांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची एका खोलीची जागा होती. तेथे त्या डोळे तपासत आणि कॉन्टॅक्ट लेन्स बसवून देत. सारे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. मीही तेच म्हणेन. आमच्या शहरात दारोदारी सूचनांच्या पाट्या असतात. बाईंच्या दारावर एकही पाटी नव्हती. पाटीवर जे लिहायचे असते ते सर्व त्या समक्ष बोलत असत.

मी तेथे का गेलो, हे सांगताना आजही मान खाली जाते. गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघाले होते आणि आमच्या सोसायटीतील मुले एकामागून एक अमेरिकेला निघाली होती, त्या वर्षांतील ही गोष्ट. परदेशी वाढणाऱ्या मुलांना स्तोत्रांचे शुद्ध उच्चार कळावेत म्हणून एका उत्साही तरुणाने सीडी काढण्याचे ठरवले आणि पाठ सांगण्यासाठी मला बोलावले. माझ्या चष्म्याचा क्रमांक उणे अकरा. कॅमेऱ्यासमोर बसलो आणि तो तरुण म्हणाला, "सर, आवाज फर्स्ट क्लास आहे, पण काचांमध्ये सगळे दिवे दिसतायत. तुमचे डोळेच दिसत नाहीयेत."

आपले डोळे अमेरिकेत दिसावेत अशी इच्छा त्या क्षणी माझ्या मनात उत्पन्न झाली. देह नश्वर आहे, त्याच्या शोभेत गुंतू नये, असे मी तीस वर्षे मुलांना सांगत आलो होतो. त्यांपैकी कोणीही त्या दिवशी तेथे हजर नव्हते, ही ईश्वराची कृपा.

बाईंनी माझे म्हणणे ऐकून घेतले. "वय?"

"अठ्ठावन्न."

"लेन्स लावल्यावर लांबचं दिसेल. पोथी वाचायला वेगळा चष्मा लागेलच. कळतंय ना?"

हे मी घरी सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, "म्हणजे चष्मा काढायचा, डोळ्यात काहीतरी घालायचं, आणि वर पुन्हा चष्मा लावायचा. बरं."

लेन्स लावण्यास शिकायला मला चार खेपा लागल्या. ध्यानधारणेवर मी व्याख्याने देत असे; परंतु ज्या क्षणी बोटाच्या टोकावरची ती पाण्याच्या बुडबुड्यासारखी चकती डोळ्याजवळ येई, त्या क्षणी माझी पापणी माझी राहत नसे. बाई समोर आरसा धरून बसत. तिसऱ्या दिवशी मी डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, "गुरुजी, समाधी घरी जाऊन लावा. इथे लेन्स लावायची आहे."

एकदा ती उपरण्यावर पडली. मी चटकन उचलून पुन्हा डोळ्याकडे नेली, तर बाईंनी माझे मनगट पकडले. "पडली ती पडली. आता चोळून धुवायची, सोल्युशनमध्ये ठेवायची, उद्या लावायची." आणि उरलेला दिवस त्यांनी मला एका डोळ्याने घरी पाठवले.

त्यांचा विधी मला मनापासून आवडला, हे मान्य केले पाहिजे. आधी हात साध्या, बिनवासाच्या साबणाने धुवायचे. धागे न सुटणाऱ्या पंच्याने टिपायचे. नेहमी उजव्या डोळ्यापासून आरंभ, म्हणजे अदलाबदल होत नाही. काढलेली लेन्स तळहातावर घ्यायची, द्रावणाचे थेंब सोडून बोटाने हलकेच चोळायची, द्रावणानेच धुवायची आणि डबीत ताजे द्रावण घालून बुडवायची. कालचे द्रावण आज चालत नाही. त्यात वरून भर घातलेली तर मुळीच नाही. सकाळी डबी रिकामी करून, द्रावणाने विसळून, पालथी घालून वाळवायची. झोपण्यापूर्वी लेन्स काढायची. दुपारची डुलकीही झोपच. आणि पाणी? "पाणी नाही," बाई प्रत्येकाला सांगत. "नळाचं नाही, विहिरीचं नाही, उकळलेलं नाही, बाटलीतलं नाही. पाण्याचा आणि लेन्सचा संबंध नाही. पोहायला जायचं असलं तर लेन्स घरी."

हे ऐकताना माझ्या मनात काय चालले होते? मी म्हणत होतो : उजव्याने आरंभ करणे, शिळे न वापरणे, न धुतल्या हाताने न शिवणे, हे आम्हाला काय शिकवायचे? जन्मभर सोवळे पाळलेल्या माणसाला ही बाई सोवळे सांगते आहे! मी मंद स्मित करीत मान डोलावत होतो. त्या स्मिताची मला आज फार लाज वाटते.

बाई गिऱ्हाइके मिळवण्यापेक्षा परत पाठवण्यात अधिक रमत. एक आई-वडील मुलीला घेऊन आले. रविवारी तिला पाहायला येणार होते. तेवढ्या दोन दिवसांसाठी लेन्स हव्या होत्या. बाई मुलीला म्हणाल्या, "लग्नानंतर झोपताना काढशील ना?"

"हो."

"मग चष्मा त्याला कधीतरी दिसणारच. आत्ताच बघू दे. पळाला तर डोळे वाचले."

फोनवरून अमेरिकेशी बोलण्याची नोकरी करणारी एक मुलगी होती. तिचा डोळा लाल झालेला. कंपनीच्या बसमध्ये लेन्स लावून झोपते, पण फक्त चाळीसच मिनिटे, असे ती सांगू लागली. "डोळ्याला घड्याळ कळत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या लेन्स काढून घेतल्या, डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आणि चष्मा पुढे केला. "बरं वाटेपर्यंत हा घाला. अमेरिकेला फोनमधून तुमचं नाक दिसत नाही."

दर तीन महिन्यांनी त्या प्रत्येकाला जुनी डबी आणायला लावत. ती जमिनीवर ठेवून चपलेच्या टाचेने फोडत आणि नवी हातात देत. नुसती टाकून द्या म्हटले तर पुणेकर माणूस ती जपून ठेवतो आणि चौथ्या महिन्यात पुन्हा काढतो, असा त्यांचा अनुभव होता. संध्याकाळी साडेआठला कधीतरी फोन येई. नमस्कार नाही, चौकशी नाही, फक्त "काढली?" आपण "हो" म्हणालो की फोन ठेवलेला असे.

त्यांच्या टेबलावर बुद्धाची एक लहानशी मूर्ती होती. दुसऱ्या की तिसऱ्या भेटीत मी, आमच्या पिढीची जी खोड असते तिला अनुसरून, विचारले, "आपण मूळच्या कुठल्या?"

"खडकीच्या. वडील कारखान्यात होते," त्या म्हणाल्या. मी पुढचा प्रश्न जुळवत होतो, तो त्यांनी ओठांवर येण्याआधीच ओळखला. "डोळा उघडा ठेवा, गुरुजी. डोळा कुठल्या घरचा आहे हे मी विचारत नाही."

यानंतर मी जे केले ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

लेन्स मला पूजेपूर्वी लावाव्या लागत, कारण त्यांच्यावाचून मला देव दिसत नसत. स्नान करून, धाबळी नेसून सोवळ्यात आलो की न धुतलेल्या वस्तूला मी शिवत नसे. माणसाला तर नाहीच. मग ही प्लॅस्टिकची डबी, हे कारखान्यातले द्रावण, यांचे काय करायचे? मी एक तोड काढली. बाईंचे सर्व नियम पाळायचे आणि शेवटी माझा एक. देवघरातल्या तांब्याच्या गडूतील गंगाजल पळीने तळहातावर घ्यायचे, लेन्स त्यातून काढायची, मग डोळ्यात घालायची. ती जरा झोंबे. ते मी तपाचा भाग मानले. आपण बाईंच्याही एक पायरी वर आहोत, असे मला सात महिने वाटत राहिले.

सात महिन्यांनी उजवा डोळा लाल झाला. लाली, दुखणे, उजेड न सोसणे, यांतले एक जरी दिसले तरी "आधी लेन्स काढायची, मग मला फोन, मग देव," असा बाईंचा क्रम होता. मी क्रम उलटा केला. देवाला सांगितले, आणि सीडीचे शेवटचे दोन पाठ उरले होते म्हणून तीन दिवस लेन्स तशीच लावून बसलो. सहन करणे हा सद्गुण आहे, असे मी नेहमीच सांगत आलो होतो. त्या सीडीवर शेवटच्या दोन स्तोत्रांत माझ्या डोळ्यांत पाणी दिसते. अमेरिकेतून दोघांनी कळवले की गुरुजींचा भाव पाहून आम्ही गहिवरलो.

चौथ्या दिवशी डोळा उघडेना. वेदना अशी, की कोणी बुबुळात सुई ठेवून ती विसरला आहे. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बुबुळावर व्रण असल्याचे सांगितले आणि विचारले, "लेन्सला पाणी लागलं होतं का?" मी नाही म्हणालो. ते असत्य आहे हे मला तेव्हाही ठाऊक होते. त्यांनी नेहमीच्या जंतूंवरचे औषध दिले. आठवडा गेला, व्रण वाढला. डॉक्टर म्हणाले, असेच चालले तर हा डोळा हातचा जाईल. मी घरी येऊन अंधार करून बसलो. माझ्या गुरूंनी स्वहस्ते लिहिलेल्या पोथ्या मला उजव्याच डोळ्याने वाचता येत. डावा लहानपणापासून अधू. उजवा गेला असता तर पाठशाळा, पोथी आणि मी, तिघांचेही काम संपले असते. एवढे कळत असूनही मी गप्प होतो.

बाईंनी दोनदा फोन करून डबी आणि लेन्स मागवल्या. मी दोनदा टाळले. तिसऱ्या वेळी त्या स्वतः आल्या. दारातच विचारले, "काकू, हात कुठे धुऊ?" आणि धुऊन झाल्यावर माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"डॉक्टरांशी बोलले मी. औषध लागू पडत नाहीये, म्हणजे जंतू वेगळा आहे. कुठून आला ते कळलं तर काय तपासायचं ते कळेल. नळाचं पाणी लावलंत?"

"नाही."

"लेन्स तोंडात घालून ओली केलीत?"

"छे, छे! भलतंच काय!"

"मग काय लावलंत?"

मी भिंतीकडे पाहू लागलो. पत्नी आत गेली आणि देवघरातला गडू आणून टेबलावर ठेवला. तिला कंपवात आहे. गडू ठेवताना थोडे पाणी हिंदकळले.

"रोज यातलं," ती म्हणाली. "गंगाजल."

बाईंनी गडूत वाकून पाहिले. "एवढं गंगाजल रोज कुठून येतं?"

"काशीहून आणलेली कुपी आहे. चार वर्षं झाली. त्यातला थेंब घालायचा नि वर आपलं नळाचं."

"म्हणजे थेंबभर गंगा आणि बाकी खडकवासला," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पण का, गुरुजी? मी एवढं सांगितलं होतं. का?"

प्लॅस्टिकचे कारण माझ्याजवळ तयार होते. सात महिने मी ते स्वतःला सांगत आलो होतो आणि ते पूर्ण खोटेही नव्हते. परंतु मला तो पहिला दिवस आठवत होता. बाईंनी स्वतःच्या बोटाने माझ्या डोळ्यात लेन्स बसवून दाखवली होती, आणि घरी येऊन मी तिच्यावर पहिली पळी सोडली होती. प्लॅस्टिकचा विचार मला दुसऱ्या दिवशी सुचला होता.

"तुमचा हात लागला होता," मी म्हणालो.

पत्नी म्हणाली, "अहो!" आणि तिने पदर तोंडाला लावला.

बाईंनी पर्समधून कागद काढला, पेनचे टोपण काढले आणि विचारले, "पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"म्हणजे सात महिने, रोज." त्यांनी तेवढेच लिहिले. मग दोन कोऱ्या पिशव्या काढून एकीत डबी, एकीत गडूतले पाणी भरलेली बाटली ठेवली. उठताना म्हणाल्या, "पाण्याला कोणी शिवावं, यावर आमच्या घरात तीन पिढ्या बोलणं झालंय, गुरुजी. पाण्यात काय असतं, ते आता डॉक्टरांना बघू दे."

चहा ठेवला होता. तो तसाच राहिला.

पाण्यात आणि डबीत तो निघाला. साध्या पाण्यात राहणारा, अमीबाच्या कुळातला एक सूक्ष्म जीव. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. डॉक्टरांनी बुबुळ खरवडून पाहिले, तेथेही तोच. औषध बदलले. डोळा वाचला हे येथेच सांगून टाकतो. त्याला कित्येक महिने लागले. बुबुळावर एक पांढुरका डाग राहिला आहे, त्याच्या कडेने मी आजही पोथी वाचतो. लेन्स पुन्हा कधी मागितल्या नाहीत आणि बाईंनीही त्या दिल्या नसत्या.

परंतु आरंभीचे दिवस कठीण होते. दोन औषधे, पाच मिनिटांच्या अंतराने, दर तासाला डोळ्यात सोडायची. घरात आम्ही दोघेच. पत्नीच्या थरथरत्या हातातला थेंब कधी गालावर पडे, कधी कानात. मला स्वतःला तर लेन्स लावण्यास चार खेपा लागल्या होत्या. थेंब कुठला जमणार! दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दारात बाई उभ्या.

"काकूंचा हात हलतो, त्या दिवशी पाहिलं मी. कुठे बसवायचं यांना? उजेडाकडे पाठ करून."

मी त्यांच्यासाठी क्षमायाचनेचे एक वाक्य मनात रचून ठेवले होते. त्यात तीन सामासिक पदे होती. "बाई, आपल्याविषयी माझ्याकडून जो..." एवढे मी बोललो.

"मान मागे. वर बघा," त्या म्हणाल्या, आणि पहिला थेंब पडला. वाक्य तेथेच राहिले. पुढे कधी पूर्ण झाले नाही.

त्या लूनावरून येत, थेंब टाकून परत दवाखान्यात जात, तास भरता भरता पुन्हा येत. खालच्या मजल्यावरचे शेजारी मला म्हणाले, "काय शास्त्रीबुवा, देवदर्शनाला लोक तुमच्याकडे तासातासाला यायला लागले की!" मी हसलो. बाईंच्या जिन्यावरच्या पावलांचा आवाज आला की माझे मन आपोआप सावरून बसे, आणि त्यांचे बोट पापणीला लागे तेव्हा मला प्रत्येक वेळी गडू आठवे.

तिसऱ्या दिवशी मी पूजेला बसलो. दोन खेपांच्या मधल्या वेळात पूजा उरकावी असा हिशेब होता. पण अधू डोळ्याला फूल सापडेना, गंध सापडेना, आणि अभिषेक सुरू होतो न होतो तो नऊ वाजले. जिन्यावर पावले वाजली. पत्नीचे दारातले बोलणे मला ऐकू येत होते.

"ते पूजेत आहेत हो. सोवळ्यात. दहा मिनिटं बसता का?"

"औषधाला दहा मिनिटं नसतात, काकू. बाहेर येतील का ते?"

"अभिषेक चाललाय. मध्ये उठता येत नाही."

बाई देवघराच्या उंबऱ्याबाहेर येऊन थांबल्या आहेत, हे मला पाठमोऱ्याला कळले. धाबळी नेसलेल्या मला चाळीस वर्षांत पत्नीचाही स्पर्श झाला नव्हता. हातातली धार चालू होती, तोंडातला मंत्र चालू होता, आणि उजव्या डोळ्यातली सुई आपले काम करीत होती. त्या उंबऱ्यावर किती वेळ थांबल्या ते सांगता येत नाही. मला तो फार वाटला. घड्याळाने कदाचित अर्धे मिनिटही मोजले नसेल.

मी मंत्र थांबवला. "बाई, आत या."

"धाबळीला हात लागेल," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता. जसे "लेन्स उलटी आहे" असे सांगतात तसे त्यांनी सांगितले.

"लागू दे."

त्या आत आल्या, माझ्या पाटाशेजारी गुडघे टेकून बसल्या. एका हाताने माझे डोके मागे धरले, दुसऱ्याने पापणी ओढली. औषध नेहमीसारखे झोंबले.

"आता मिटून घ्या. दुसरं पाच मिनिटांनी. तोवर हलायचं नाही."

"पण अभिषेक..."

"मंत्र पाठ आहेत ना? मग मिटूनच म्हणा. मी बसते इथे."

एक डोळा घट्ट मिटला की माझा दुसराही मिटतो. मी आंधळ्यासारखी पळी चाचपली, पाणी घेतले आणि जेथे थांबलो होतो तेथून मंत्र उचलला. दोन ऋचा झाल्या असतील.

"गुरुजी," शेजारून हलक्या आवाजात बाई म्हणाल्या, "धार बाहेर पडतेय. फरशीवर. थोडं डावीकडे घ्या."

मी हात थोडा डावीकडे नेला.

"अजून थोडं. हां. आता देवावर."